फाइल कुठे गेली?

माझी मामेबहीण कोराडीला राहते. मध्यंतरी एका रात्री अकरा वाजता तिचा फोन आला. एका भरतीचा अर्ज भरायची मुदत बाराला संपत होती आणि सही अपलोड होत नव्हती. साइटला सही २० केबीच्या आत हवी होती, आणि तिच्या फोनने काढलेला सहीचा फोटो ३ एमबीचा होता.

"दादा, हे फोनवर होते की नाही?"

मी विचारलं, फोटो कुठे सेव्ह झालाय? ती म्हणाली, गॅलरीत. मी म्हटलं, गॅलरी नाही गं, फोल्डर कुठला? पलीकडे शांतता. शेवटी तिने तो फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला, मी लॅपटॉपवर कापून, लहान करून परत पाठवला. अर्ज गेला तेव्हा घड्याळात ११:५० झाले होते.

ही मुलगी फोनवर बँकेचे व्यवहार करते, अभ्यासाचे व्हिडिओ पाहते, माझ्यापेक्षा दुप्पट वेगाने मराठी टाइप करते. तरी 'फोल्डर' या शब्दाशी ती अडली. यात चूक तिची आहे असं मला वाटत नाही. म्हणूनच 'मोबाइलने विंडोजला हरवलं' हे आमच्या धंद्यात सारखं ऐकू येणारं वाक्य जरा उलटंपालटं करून बघावंसं वाटलं.

या वाक्याला आधार आहे. स्टॅटकाउंटर या संस्थेच्या मोजणीत मार्च २०१७ मध्ये जगभरातल्या इंटरनेट वापरात अँड्रॉइड ३७.९३ टक्के आणि विंडोज ३७.९१ टक्के निघालं. फरक इवलासा, पण विंडोजचं पहिलं स्थान गेलं. आपल्याकडे त्याच्या आदल्या सप्टेंबरात जिओ आलं होतं. फक्त ही मोजणी वेबपानं कुठून उघडली जातात याची आहे, हे विसरलं जातं. पान कुठे उघडलं ते ती सांगते. कुठे बनलं, अर्ज कुठे तपासला गेला, पगारपत्रक कुठे छापलं, हे ती सांगत नाही.

विंडोज हे मुळात एक सरकारी ऑफिस आहे. पडद्यावर टेबल, टेबलावर फोल्डर, फोल्डरात फाइल, कोपऱ्यात कचऱ्याची टोपली. ही कल्पना मायक्रोसॉफ्टची नव्हे. ती १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत जन्मली आणि ॲपलमार्गे विंडोजमध्ये आली. पण आपल्याला ती शिकवली विंडोजने. 'फाइल' हा शब्द तर मराठीत आधीपासून होताच, तोही जरा धाक बाळगून: फाइल अडली, फाइल दाबली, फाइल वर गेली. २००१ मध्ये एमएस-सीआयटी सुरू झाली, सरकारी नोकरीसाठी तिचं प्रमाणपत्र लागू लागलं, आणि महाराष्ट्रातल्या गावोगावच्या लाखो मुलांसाठी 'कॉम्प्युटर येतो' याचा अर्थ विंडोज आणि ऑफिस येतं असा झाला. एखाद्या परदेशी कंपनीच्या मालाला सरकारी परीक्षेचा दर्जा मिळावा, हे मला आजही खटकतं.

आणि हे ऑफिस मराठीशी कसं वागलं? आमच्या भागातल्या डीटीपीच्या दुकानांत कृतिदेव चालायचा. कृतिदेवमध्ये 'मराठी' हा शब्द टाइप केला की संगणकाच्या लेखी तिथे ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच अशी पाच इंग्रजी अक्षरं असत. फॉन्टने त्यांना मराठी मुखवटा चढवलेला. फॉन्ट नसलेल्या मशीनवर तीच फाइल उघडली की मुखवटा गळायचा आणि खाली इंग्रजी कचरा दिसायचा. शोध घेता यायचा नाही, ईमेलमध्ये चिकटवता यायचं नाही. वर्षानुवर्षांच्या पत्रिका, स्मरणिका, ठराव अशा मुखवट्यांत पडून आहेत. मायक्रोसॉफ्टकडे उत्तर नव्हतं असंही नाही. विंडोज २००० मध्येच युनिकोड देवनागरी होती, 'मंगल' फॉन्ट होता. पण एक्सपीवर ती नीट चालवायची तर रिजनल सेटिंगमध्ये जाऊन एका चौकोनात टिक करावी लागे, आणि मग ते मशीन एक्सपीची सीडी मागे. आमच्या घरच्या कॉम्प्युटरची सीडी दुकानदाराने कधी दिलीच नव्हती. (का दिली नव्हती, ते त्या काळातल्या वाचकांना सांगायला नको.)

ही कोंडी फुटली ती फोनच्या एका उणिवेमुळे. सुरुवातीच्या अँड्रॉइडवर मराठी म्हणजे चौकोनी डबे दिसत, आणि साध्या वापरणाऱ्याला त्यात हवा तो फॉन्ट टाकण्याची सोयच नव्हती. म्हणजे कृतिदेवचा मार्गच बंद. मराठी दिसायची तर युनिकोडमध्ये, नाहीतर दिसायचीच नाही. पुढे डबे गेले, २०१४ च्या अँड्रॉइड ५.० मध्ये मराठी ही फोनची भाषा म्हणून आली, आयआयटी मुंबईच्या 'स्वरचक्र'सारखे कीबोर्ड आले. अक्षर दाबलं की भोवती बाराखडीचं चक्र उघडायचं. टायपिंगचा क्लास नाही, परीक्षा नाही. माझ्या आईने आयुष्यात माउस धरला नाही, पण ती रोज बहिणींना मराठीत चार ओळी लिहिते. टेबल, खुर्ची, यूपीएस यांतलं काहीही त्यासाठी लागलं नाही. भारनियमनाच्या वर्षांत बिनायूपीएसचा कॉम्प्युटर म्हणजे काय होतं, हे विजेच्या गावाशेजारी वाढलेल्यांना नीट माहीत आहे. इथवरचा विजय खरा, आणि मला तो मनापासून आवडतो.

विंडोजने स्वतः फोनवर यायची धडपड केली, तिची गोष्ट लहान आहे. २००७ मध्ये स्टीव्ह बामर आयफोनवर हसले, २०१४ मध्ये कंपनीने नोकियाचा फोनधंदा घेतला, पुढच्याच वर्षी सुमारे ७.६ अब्ज डॉलर बुडीत खाती टाकले. विषय संपला.

पण फोनने टेबल हटवताना फाइलही नजरेआड केली. आयफोनवर फाइल्स नावाचं ॲप यायला २०१७ उजाडलं. अँड्रॉइड ११ पासून एका ॲपला दुसऱ्याच्या वस्तू सहज दिसत नाहीत. सुरक्षेच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. मी स्वतः ॲप लिहितो, मला त्याची गरज कळते. तरी परिणाम असा की वस्तू तुमची असली तरी तिचा पत्ता ॲपला माहीत, तुम्हाला नाही. विंडोजवर कचरा होता, व्हायरस होते, पण सी ड्राइव्ह उघडून आत काय आहे ते बघता यायचं. मी प्रोग्रामिंगकडे वळलो तो एका गेमची फाइल नोटपॅडमध्ये उघडून आकडे बदलल्यामुळे. गेम बिघडला. तो का बिघडला हे शोधताना मी शिकलो. फोनवर अशी मोडतोड करायला जागाच ठेवलेली नाही.

फोनसाठी ॲप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ फोनवर चालत नाही, त्याला कॉम्प्युटर लागतो. २० केबीची अट घालणारी साइटही कुणीतरी टेबलावर बसूनच बनवली असणार, स्कॅनर शेजारी आहे असं धरून. विंडोजने घर गमावलं, ऑफिस गमावलेलं नाही. आणि अर्ज ऑफिसातच जातात. डेस्कटॉपवर आजही बहुमत त्याचंच आहे. महादुल्यात बहीण ज्या कॅफेत प्रिंट काढायला जाते, तिथलं मशीन अजून विंडोज ७ वर आहे आणि दर पानामागे पैसे घेतं.

त्या रात्रीनंतर बहिणीने मला विचारलं, कोडिंग शिकायचंय, लॅपटॉप नाही, फोनवर जमेल का? मी म्हटलं, सुरुवात जमेल. एक पायथनचं ॲप टाकायला सांगितलं. दोन दिवसांनी तिने स्क्रीनशॉट पाठवला: सहीच्या फोटोचा आकार कमी करणारा नऊ ओळींचा प्रोग्राम, व्हिडिओ बघून लिहिलेला, चालणारा. मी म्हटलं, भारी! फाइल पाठव, बघतो.

"तीच तर शोधून राहिली दादा," ती म्हणाली. "सेव्ह झाली म्हणून दाखवून राहिलं, पण कुठं झाली तेच दिसत नाही."