आधी पाणी, मग भिंती

जयपूरजवळच्या हाथीगावचा आराखडा समोर पसरला की सवयीने आपली नजर इमारत शोधू लागते. छप्पर कुठे, प्रवेशद्वार कुठे, दर्शनी बाजू कोणती, हे प्रश्न आपोआप मनात येतात, आणि आराखडा मात्र आपल्याला सावकाश पाण्याकडे नेतो. आमेर किल्ल्याच्या परिसरात शंभर हत्ती आणि त्यांचे माहूत यांच्यासाठी वसवलेली ही वस्ती. राहुल मेहरोत्रा यांच्या ‘आरएमए आर्किटेक्ट्स’ या मुंबईत रुजलेल्या कार्यालयाने ती रचली आणि २०१०च्या सुमारास ती आकाराला येऊ लागली. प्राण्यांचा निवारा म्हटले की आपल्या मनात लोखंडी गजांची रांग, धुऊन काढायची फरशी आणि पत्र्याची शेड उभी राहते. जागा वाढवायची म्हणजे त्याच रांगेत आणखी खोल्या जोडायच्या, इतके ते गणित सरळ असते. हाथीगाव पाहताना हे गणित हळूच बाजूला ठेवावे आणि ही वस्ती ज्या क्रमाने मनात उगवली असेल, त्याच क्रमाने ती वाचत जावी. तिचे सारे सौंदर्य त्या क्रमात आहे.

सुरुवात जमिनीपासून करू या, कारण रचनाकारांनीही तिथूनच केली. वाट्याला आलेली जमीन वाळूच्या उपशाने पोखरलेली होती. परिसरातल्या लोकांनी वर्षानुवर्षे तिथून वाळू नेली होती आणि मागे उरली होती ती उघडी, ओबडधोबड, मातीचा कस गमावलेली भुई. अशा जमिनीवर बांधकाम करायचे तर भराव घालून ती सपाट करावी, ही कोणत्याही ठेकेदाराची पहिली सूचना असते. इथे जमिनीचे उंचसखलपणच हाताशी धरले गेले. तिला असे घडवले, की पावसाचे वाहून जाणारे पाणी अडावे, साचावे आणि पाणवठ्यांची एक मालिका तयार व्हावी. जयपूरला वर्षभरात साधारण सहाशे मिलिमीटर पाऊस पडतो, आणि त्यातला बहुतेक जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत येतो. तो येतो तेव्हा अरवलीच्या उघड्या उतारांवरून घाईघाईने धावत येतो, आणि थांबवणारे कोणी नसेल तर तितक्याच घाईने निघून जातो. त्याला थांबायला जागा देणे हे या वस्तीचे पहिले बांधकाम. आमेरच्या किल्ल्याच्या पायाशी मावठा तलाव आहेच; ज्या राजांनी डोंगरावर महाल चढवले, त्यांनी डोंगराखाली पाणी धरून ठेवले होते. हाथीगावातले तळे त्या परंपरेतले आहे, मात्र त्याच्या काठावर महाल नाही, माहुताची झोपायची खोली आहे.

पाणी साठले, मग झाडे आली. मोठ्या प्रमाणावर वृक्षलागवड झाली आणि त्याबरोबर जमिनीवर स्थानिक जातींचे बी पेरले गेले. हा बी पेरण्याचा तपशील मला फार लोभस वाटतो. वाढलेले झाड आणून लावले की उद्घाटनाच्या छायाचित्रात ते शोभून दिसते. पेरलेले बी कोणत्याही छायाचित्रात दिसत नाही. ते पुढच्या पावसावर आणि पुढच्या पिढीवर भरवसा ठेवून मातीत घातलेले असते. धोक, खैर, पळस ही अरवलीची आपली झाडे. त्यांना उगवायला हातभार लागतो तो ओलाव्याचा आणि मोकळिकीचा. रचनाकारांनी या भूदृश्याच्या पुनरुज्जीवनाचे वर्णन ‘चालू असलेले काम’ असे केले आहे. वास्तुकला साधारणपणे पूर्णत्वाच्या दाखल्याने संपते. इथे दाखला मिळाल्यावरही मुख्य पात्र वाढतच राहते, आणि या वस्तीचा खरा विस्तार म्हणाल तर तो हाच आहे: नवी दालने न जोडता दरवर्षी थोडी अधिक सावली, थोडा अधिक ओलावा.

आता त्या पाण्याजवळ थोडे रेंगाळू या, कारण रचनेचा प्राण तिथे आहे. हत्तीला आपल्यासारखा घाम येत नाही. त्याच्या घामाच्या ग्रंथी जवळजवळ केवळ नखांच्या आसपास असतात. एवढा प्रचंड देह थंड ठेवायला त्याच्याजवळ कानांचे दोन विस्तीर्ण पंखे असतात, ज्यांच्या पातळ त्वचेखाली रक्तवाहिन्यांचे जाळे पसरलेले असते. त्याखेरीज असतो तो चिखल, धुळीचा थर आणि पाणी. दिवसाला शंभर लिटरहून अधिक पाणी तो सहज पितो, म्हणजे पिण्याचीच गरज एवढी मोठी. मे महिन्यात जयपूरचा पारा चाळीस अंशांपलीकडे जातो तेव्हा या प्राण्याला पाण्यात उतरायला मिळणे ही चैन राहत नाही. पण रचनाकारांच्या नजरेला आणखी एक गोष्ट दिसली, आणि तिथे शरीरशास्त्र संपून रसिकता सुरू होते. आंघोळ ही हत्ती आणि माहूत यांच्यातली जवळीक घडण्याची वेळ आहे. हत्ती कुशीवर पडतो, माहूत दगडाने किंवा ब्रशने त्याची पाठ घासतो, कानामागे हात घालतो, पायाचे तळवे तपासतो, कुठे खरचटले आहे, कुठे सूज आली आहे हे बोटांनी वाचतो. तीन टनांचा जीव त्या अवधीत एका किरकोळ अंगाच्या माणसापुढे पूर्ण सैल पडलेला असतो. म्हणून हाथीगावातले तळे पाणी साठवायची टाकी म्हणून मोजून चालत नाही. ते या वस्तीचे मुख्य दालन आहे, आणि त्याला छप्पर नाही एवढेच. जलसंधारण, उष्णतेपासून आराम आणि दोन जीवांचे नाते, या तिन्ही गोष्टी एकाच खोदकामातून साधतात. पर्यावरणपूरक बांधणीविषयी आपण जे पुष्कळ बोलतो, त्यातली इतकी काटकसरी आणि इतकी सुंदर उदाहरणे मी फार थोडी पाहिली आहेत.

पाण्याकडून घरांकडे वळले की मापांचा खेळ सुरू होतो. भारतीय हत्तीण खांद्याशी सात-साडेसात फूट उंच भरते. तिला उडी मारता येत नाही, चटकन गिरकी घेता येत नाही. वळायचे तर तिला ऐसपैस वर्तुळ लागते. तिच्या शेजारी राहणाऱ्या माहुताचे घर मात्र अल्प उत्पन्न गटाच्या घराएवढेच असणार, कारण अंदाजपत्रक तेवढेच. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना ही दोन मापे नांदवायची, हा पेच आहे आणि त्याची उकल अंगणात सापडते. घरे एकेकटी उभी नाहीत. ती समूहांत गुंफलेली आहेत आणि प्रत्येक समूहाला सामायिक अंगण आहे. घराच्या चार भिंतींत जे मावत नाही ते अंगणात आणि मंडपांत सरकते. बाजेवर पडणे, स्वयंपाकाची तयारी, मुलांचा अभ्यास, शेजारणीशी गप्पा, हत्तीच्या चाऱ्याचे भारे उतरवणे, हे सारे उघड्यावर होते. ज्या हवामानात वर्षाचे कितीतरी महिने माणूस रात्री आभाळाखाली झोपणे पसंत करतो, तिथे अंगण हे घराचे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठे दालन ठरते. हत्तीची गरज भागवण्यासाठी जी मोकळी जागा ठेवावी लागली, तिचाच लाभ माणसाला झाला. हत्तीच्या मापाने पट आखला आणि त्या पटावर गरीब माणसाला ऐसपैस जगता आले, हा या रचनेतला मला सर्वांत आवडलेला उलटफेर.

भिंतींसाठी स्थानिक दगड वापरला आहे. जाड दगडी भिंत दुपारची उष्णता स्वतःत मुरवून घेते आणि ती आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ उलटलेली असते. रात्री निरभ्र आभाळाखाली अंगण आपली ऊब वर सोडून देते आणि पहाटेपर्यंत गार होते. यंत्र नाही, विजेचे बिल नाही. या ठिकाणी कोपनहेगनच्या प्राणिसंग्रहालयातले हत्तीगृह शेजारी ठेवून पाहावे. ‘फॉस्टर अँड पार्टनर्स’ने रचलेले ते घर २००८ मध्ये खुले झाले. ते जमिनीत अर्धवट रोवलेले आहे आणि त्यावर काचेचे दोन घुमट आहेत, कारण डेन्मार्कच्या हिवाळ्यात उजेड आणि ऊब आत आणणे ही गरज. हाथीगावात दोन्ही बाहेर थोपवायचे. एकाच प्राण्यासाठी दोन अक्षांशांवर बांधलेली ही घरे एकमेकांसारखी दिसत नाहीत, आणि दिसू नयेत यातच दोघांचा प्रामाणिकपणा आहे.

मेहरोत्रांच्या इतर कामाची ओळख असलेल्या वाचकाला इथे एक सूत्र ओळखीचे वाटेल. शारदा द्विवेदींसह त्यांनी मुंबईचा नागरी इतिहास लिहिला, तो ‘बॉम्बे: द सिटीज विदिन’ हा ग्रंथ १९९५ चा. पुढे त्यांनी भारतीय शहराकडे पाहण्याची एक जोडनजर मांडली: दगडाविटांचे स्थिर शहर आणि त्याच्या आतबाहेर वाहणारे, मिरवणुकांचे, फेरीवाल्यांचे, सणांचे चल शहर. २०१३च्या प्रयाग कुंभावरचा अभ्यास त्याच कुतूहलातून आला. आमेरला ही जोडी डोळ्यांसमोर उभी आहे. राजा मानसिंहाच्या काळात, १५९२ मध्ये बांधायला सुरुवात झालेला किल्ला डोंगरावर अचल बसला आहे, आणि त्याच्या चढावरून रोज सकाळी पर्यटकांना पाठीवर घेऊन हत्ती पावले टाकत गेले आहेत. वारसा म्हणून जगाने किल्ल्याला मान दिला. २०१३ मध्ये तो राजस्थानच्या डोंगरी किल्ल्यांसह जागतिक वारसा यादीत आला. त्या चढावरून चालणाऱ्यांचे घर कुठे आहे, संध्याकाळी झूल उतरवल्यावर ते कुठे जातात, हे विचारणारी वास्तुकला विरळा. हाथीगाव त्या विचारण्यातून जन्मले.

आमेरच्या हत्तीसवारीवर प्राणिमित्र संघटनांनी सातत्याने आक्षेप घेतले आहेत, आणि ते आक्षेप या भिंतींनी मिटलेले नाहीत, मिटणारही नाहीत. तापलेल्या फरसबंदीवरून पाठीवर हौदा घेऊन चढणाऱ्या हत्तिणीचे दुःख तळ्यात धुऊन जात नाही, असे माझेही मत आहे. तरी एक गोष्ट मला या आराखड्याच्या बाजूने मनापासून सांगावीशी वाटते. उद्या सवारी पूर्ण थांबली तरी हत्ती उरतील, माहूत उरतील, त्यांची दिवसभराची गरज उरेल. आणि तेव्हा या वस्तीतली एकही गोष्ट निरुपयोगी ठरणार नाही. पाणी, सावली, माती, सोबत यांना पर्यटकांची गरज नाही. तिकीटखिडकीभोवती रचलेल्या प्राणिनिवाऱ्यांविषयी असे म्हणता येत नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रातही हत्तीच्या निवाऱ्याचा विषय आता फार जवळचा झाला आहे. २०२५च्या जुलैत न्यायालयाच्या आदेशानंतर कोल्हापूर जिल्ह्यातल्या नांदणी मठाची हत्तीण महादेवी, जिला सारे माधुरी म्हणतात, जामनगरच्या ‘वनतारा’ केंद्रात गेली. तिला परत आणावे म्हणून हजारो माणसे रस्त्यावर आली, आणि पाठोपाठ ऑगस्टमध्ये नांदणीच्या परिसरातच हत्तींसाठी पुनर्वसन केंद्र उभारण्याचा प्रस्ताव पुढे आला. त्या प्रस्तावात जलोपचाराचे तळे आहे, पोहण्यासाठी दुसरे मोठे तळे आहे, अंग टेकायला मऊ वाळूचे उंचवटे आहेत, साखळीविना हिंडायला मोकळी जागा आहे. बंदिवासातल्या हत्तींना कठीण फरशीवर उभे राहून तळव्यांचे आजार जडतात, आणि टेकायला मऊ उतार मिळाला की हत्ती खरोखर आडवा होऊन झोपतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला वाळूच्या उंचवट्याचे मोल कळेल. अशा केंद्राची रेखाचित्रे कधी पाहायला मिळाली, तर आपण हाथीगावने शिकवलेल्या क्रमानेच ती वाचू या. नांदणी ज्या शिरोळ तालुक्यात आहे, तिथे पाऊस कमी आणि नद्या जवळ, तेव्हा तळ्यांचे पाणी कुठून येणार आणि वापरल्यावर कुठल्या शेतात जाणार? सावलीची झाडे आजपासून किती वर्षांनी हत्तीच्या पाठीवर छाया धरतील, आणि तोवर काय? माहुताचे बिऱ्हाड त्याच अंगणात आहे, की तो सायकलवरून कामाला येणारा नोकर? छप्पर पत्र्याचे की कौलांचे, हा प्रश्न या सगळ्यानंतर विचारला तरी चालेल.