मिराशींचे वाकाटक आणि देवटेकची शिळा

म. म. वासुदेव विष्णु मिराशी (१८९३–१९८५) हे जन्मानें कोंकणचे, पण नागपुरास मॉरिस कॉलेजांत संस्कृत शिकवावयास आले आणि कायमचे विदर्भाचे झाले. ‘कालिदास’ हा त्यांचा ग्रंथ १९३४ त प्रसिद्ध झाला. १९४१ त महामहोपाध्याय व १९७५ त पद्मभूषण हे बहुमान मिळाले. हा तपशील आम्ही घाईनेंच उरकतों. कारण या पंडिताची कसोटी पाहावयाची तर ती चांद्याच्या रानांतील एका शिळेवरच पाहावी, असें आम्हांस वाटतें.

चंद्रपूर जिल्ह्याच्या नागभीड तालुक्यांतील देवटेकच्या या शिळेवर दोन लेख आहेत. पहिला प्राचीन ब्राह्मींत, प्राण्यांस धरण्यामारण्याची मनाई करणारा. मिराशींच्या मतें तो अशोकाच्या धर्ममहामात्राचा. दुसरा वाकाटक राजा पहिला रुद्रसेन याचा, चिकंबुरी येथील त्याच्या धर्मस्थानासंबंधीं. कनिंगहॅमनें १८७७ च्या संग्रहांत ही शिळा घेतली होती, परंतु लेखांची संगति लावली मिराशींनीं. चिकंबुरी म्हणजे देवटेकजवळचें आजचें चिकमारा, हा त्यांचा निर्णय. ताम्रपटांतील गांव, नदी आणि दिशा ताडून पाहून मगच जागा ठरवावयाची, ही त्यांची शिस्त ‘वाकाटक नृपति आणि त्यांचा काल’ या ग्रंथांत व वाकाटक लेखांच्या १९६३ च्या इंग्रजी संग्रहांत पानोपानीं दिसते. ह्युएन त्संगच्या कोसलाची राजधानी कनिंगहॅमनें याच मुलखांत भांदकास शोधली होती. आज विद्वानांचा कल छत्तीसगडांतील सिरपुराकडे आहे. प्रवाशाच्या अंतरांवर विसंबणें आणि गांवाचें नांव कानाआड न करणें, यांतील फरक येथें कळतो.

मात्र एके ठिकाणीं आमचें त्यांच्याशीं जमत नाहीं. रुद्रसेनाचा लेख कोरतांना पूर्वीच्या लेखाचा कांहीं भाग छिनला गेला. रुद्रसेन महाभैरवाचा परम भक्त. म्हणून अहिंसेच्या उपदेशाविषयीं त्यास आस्था नव्हती व त्यानें तो लेख बेधडक पुसला, असें मिराशी म्हणतात. छिन्नीच्या घावांवरून राजाचें अंतःकरण वाचणें हें जरा धाडसाचेंच! दोन लेखांत सुमारें सहा शतकांचें अंतर. चवथ्या शतकांतील पाथरवटास, किंबहुना राजाच्या लेखकासही, ती जुनी अक्षरें वाचतां येत होतीं, हें आधीं सिद्ध व्हावयास नको काय? याच शतकांत समुद्रगुप्ताची प्रशस्ति अलाहाबादच्या अशोकस्तंभावर कोरली गेली आणि अशोकाचे लेख तेथें आजही वाचतां येतात. यावरून समुद्रगुप्त बौद्धांचा कैवारी होता असें कोणी म्हणत नाहीं. तेथें स्तंभावर जागा होती; येथें ती करून घ्यावी लागली, एवढ्यानेंही काम भागतें.

दण्डीच्या ‘दशकुमारचरितां’तील विश्रुताच्या कथेंत वाकाटकांच्या ऱ्हासाचें प्रतिबिंब पाहतांनाही मिराशींमधील रसिक त्यांच्यांतील संशोधकाच्या पुढें धांवतो. तेथें निदान ती कल्पना आहे हें वाचकास उमगतें. देवटेकची गोष्ट निराळी. १९८२ त चांद्याच्या पोटांतून गडचिरोली हा वेगळा जिल्हा निघाला. या दोन्ही जिल्ह्यांच्या प्राचीन इतिहासाचीं साधनें मुळांत थोडीं. अशा प्रांतांत एका राजावर बसलेला धर्मद्वेषाचा शिक्का पाठ्यपुस्तकांपर्यंत सहज पोंचतो. चिकमाऱ्याचा निर्णय आम्ही निःशंकपणें स्वीकारतों. छिन्नीचा निर्णय मात्र, नवा पुरावा मिळेपर्यंत, राखून ठेवावा.