मराठी कामाचं टेबल: आधी स्क्रीन आणि कीबोर्ड, मग बाकीचं

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. कामाच्या संगणकासाठी मॉनिटर, कीबोर्ड आणि माऊस कसे निवडावेत, एवढाच. पण आपल्या गोंदिया जिल्ह्यात हे टेबल कुठे कुठे असतं ते बघा: सेवा केंद्रात, ग्रामपंचायतीत, राइस मिलच्या वजनकाट्यावर, धान खरेदी केंद्रावर. आधारभूत किमतीने धान विकायचं तर आधी ऑनलाइन नोंदणी लागते. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक असे कागद लागतात. त्यांवरचं नाव कुणीतरी एका स्क्रीनकडे बघत, एका कीबोर्डवर टाइप केलेलं असतं. त्यात एक अनुस्वार सुटला, की चकरा शेतकऱ्याच्या वाट्याला.

म्हणून संगणक खरेदीची जी रीत पडली आहे, तिच्यावर आम्हाला बोलायचं आहे. कोटेशन कसं असतं? वर प्रोसेसर, रॅम, एसएसडी, सगळं आकड्यांसकट. आणि तळाला एक ओळ: 'मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, सेट'. माणूस दिवसभर डोळ्यांनी आणि बोटांनी ज्या वस्तू वापरणार, त्यांची चौकशीच नाही.

आधी स्क्रीन. इंग्रजी अक्षर बहुतेक एका पट्टीत बसतं. मराठीत शिरोरेषेच्या वर मात्रा, अनुस्वार, रफार, आणि खाली उकार. आपल्याकडचं आडनाव घ्या, 'टेंभरे'. पहिल्याच अक्षरावर मात्रा आणि अनुस्वार शेजारी शेजारी उभे. 'कुंभरे' घ्या, वर अनुस्वार, खाली उकार. 'उईके' आणि 'ऊईके' यांत फरक एका छोट्या वळणाचा. हे सगळं दाखवायला स्क्रीनवर पुरेसे बारीक ठिपके हवेत.

ठिपके किती बारीक, हे इंचाला किती मावतात यावर ठरतं. साडेअठरा इंची, १३६६ बाय ७६८ च्या स्क्रीनवर इंचाला साधारण ८५ ठिपके. आता दुकानदार म्हणतो, 'साहेब, मोठा घ्या, २७ इंची फुल एचडी.' फुल एचडी म्हणजे १९२० बाय १०८०. हेच ठिपके २७ इंचांवर पसरले की इंचाला ८२ उरतात! म्हणजे पैसे जास्त आणि अक्षर जुन्याहून भरड. तीच फुल एचडी २४ इंचांत घेतली तर ९२, साडेएकवीस इंचांत १०२. मोठाच पाहिजे असेल तर २५६० बाय १४४० चा २७ इंची घ्या, तिथे १०९ मिळतात. साध्या अर्ज-दाखल्याच्या कामाला २२ ते २४ इंची फुल एचडी पुरतो, असं आमचं मत आहे.

दुसरी गोष्ट पॅनेलची. स्वस्त टीएन पॅनेल बाजूने पाहिलं की रंग फिके पडतात. ऑपरेटरला चालून जाईल. पण खिडकीबाहेर उभा असलेला अर्जदार मान वाकडी करून स्वतःचं नाव तपासत असतो, त्याचं काय? तिथे आयपीएसच हवं, आणि पृष्ठभाग चकचकीत नको, नाहीतर दाराबाहेरचं ऊनच स्क्रीनवर दिसत राहतं. जमलं तर दुसरा छोटा मॉनिटर अर्जदाराकडे तोंड करून ठेवा. चूक सही-शिक्क्याआधी पकडली गेली तर दोघांचेही कष्ट वाचतात.

आता कीबोर्ड. इनस्क्रिप्ट ही मांडणी १९८६ साली भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने प्रमाण ठरवली. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला. 'क' आणि 'ख' एकाच कळीवर. 'शेतकऱ्यांना' मधल्या 'ऱ्य' साठी लागणारा 'ऱ' सुद्धा तिच्यात आहे. टाइपरायटरवर शिकलेल्यांची अडचण आम्हाला समजते. तिथे पहिली वेलांटी अक्षराच्या आधी मारायची, इथे उच्चाराप्रमाणे अक्षरानंतर. गोदरेजने टाइपरायटर बनवणं २००९ मध्ये थांबवलं, पण बोटांची सवय तशी थांबत नाही. अशांनी रेमिंग्टन मांडणी खुशाल ठेवावी, फक्त मजकूर युनिकोडमध्ये असावा.

आमचा आक्षेप तिसऱ्या मार्गाला आहे: रोमन अक्षरं दाबायची आणि मराठी शब्द सॉफ्टवेअरने सुचवायचा. पत्राला, निरोपाला ते सोयीचं आहे. पण आडनाव हा सुचवण्याचा शब्द नव्हे. 'टेंभरे' की 'टेम्भरे', हे त्या माणसाच्या कागदावर ठरलेलं असतं. घाईत पहिली सूचना स्वीकारली, की चूक नजरेतून निसटते. म्हणून देवनागरी अक्षरं छापलेला कीबोर्ड मागा. नसेल तर कळांवर लावायची स्टिकरं मिळतात. उजवीकडे आकड्यांचा वेगळा भाग हवाच. गट नंबर, क्विंटल, खाते क्रमांक, निम्मं काम आकड्यांचं असतं.

माऊस वायरचा घ्या, ऐन गर्दीत सेल संपायची भानगड नाही. हातात भरेल एवढा हवा, आणि डावखुऱ्या माणसासाठी दोन्ही हातांना चालणारा.

कुणी म्हणेल, बजेट कुठंय? बजेट तेच ठेवा, वाटणी बदला. ऑनलाइन अर्ज भरायला भारी प्रोसेसर लागत नाही. तिथले थोडे पैसे कमी करून स्क्रीनकडे वळवा. मग मॉनिटरची वरची कड डोळ्यांच्या पातळीला किंवा किंचित खाली, अंतर हातभर, एवढं सांभाळा.

आणि दुकानात गेलात की डेमोचा व्हिडिओ बघत बसू नका. एक कोरं पान उघडायला लावा आणि नेहमीच्या आकारात टाइप करा: टेंभरे, कुंभरे, उईके, शेतकऱ्यांना. मग हातभर मागे सरका, बाजूला उभे राहा आणि वाचा. अनुस्वार दिसला नाही तर दुसरा मॉनिटर दाखवायला सांगा.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.