कसबी कारागिराची कसोटी

घरगुती उपयोगाची नवी वस्तू कुणी दाखवली की शेरा ठरलेला: ‘यात काय विशेष? हे कुणालाही सुचलं असतं!’ नागपुरात सदरला लागूनच, हिस्लॉप कॉलेज रोडवर, राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. तिथे पेटंट परीक्षकांना प्रशिक्षण मिळतं. कुणालाही सुचेल अशा गोष्टीला पेटंट मिळत नाही, म्हणून परीक्षकाच्या कामात ‘कुणालाही’ म्हणजे नेमकं कुणाला, हे ठरवावंच लागतं. आपल्याकडे ते ज्या निकालपत्राने ठरवलं, ते निव्वळ गद्य म्हणूनही वाचावं असं आहे.

बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज, सर्वोच्च न्यायालय, १९७८. दोन्ही पक्ष मिर्झापूरचे, भांडी बनवणारे. लेथवर फिरवून तासताना भांडं निसटायचं, कामगाराच्या अंगावर उडायचं. १९५१च्या पेटंटात उपाय होता तो टेलस्टॉकच्या, म्हणजे लेथच्या समोरच्या आधाराच्या, टोकाने भांडं दाबून धरण्याचा. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने पेटंट टिकवलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं.

न्या. रणजितसिंग सरकारियांच्या लेखणीची खुबी त्यांनी उभ्या केलेल्या माणसात आहे. हा माणूस कसबी कारागीर आहे. सांगितलं तेवढंच करणारा मजूर नव्हे, आणि प्रतिभावंत तर नव्हेच. धंद्यातलं सगळं चालू ज्ञान त्याला आहे, अडचणही समोर आहे. फक्त उत्तर त्याने पाहिलेलं नाही. त्याच्या हाती जुनी माहिती दिली, तर ‘मला हवं ते हेच’ असं तो म्हणेल का? मला यातली सर्वांत मोलाची अट उत्तर न पाहिल्याची वाटते. उखाण्याचं उत्तर कळल्यावर तो सोपाच वाटतो, आणि न्यायाधीशही माणूसच असतो. म्हणून आधी शोध विसरायचा, मग त्याचा विचार करायचा.

पोळपाटाखाली रबर बसवून पेटंट मागणाऱ्यालाही हीच कसोटी लागेल. ओळखीच्या दोन वस्तू एकत्र आणल्या एवढ्याने भागत नाही. त्यांच्या जोडीतून काही नवं किंवा सुधारलेलं निपजावं लागतं, आणि ती जोडी जमवायला शोधक बुद्धी लागलेली असावी लागते. रबर घसरू देत नाही, हे रबराचं जुनंच काम.

तरी निकालातली एक जागा मला टोचते. टेलस्टॉक जुना होता हे खरं. त्याचा हा वापर म्हणजे कारखान्यातली किरकोळ सुधारणा, असं न्यायालय म्हणतं. पण उपाय इतका उघड होता, तर भांडी अंगावर उडत असताना तो आधीच का केला गेला नाही? या प्रश्नाला निकालाने अधिक जागा द्यायला हवी होती. कायद्याच्या हिशेबात मात्र निकाल बरोबरच आहे, नाहीतर प्रत्येक कारखान्यातल्या प्रत्येक खिळ्यावर कुणाची तरी मालकी बसली असती.

१९११च्या पेटंट कायद्यानुसार पेटंटाची मुदत १६ वर्षांची होती. म्हणजे अंतिम निकाल लागला तेव्हा या पेटंटाची मूळ मुदत संपूनही अकरा वर्षं उलटली होती.