अवघड नाव, सोपं नाव: एक पेपर नीट वाचूया

'ज्यांची नावं उच्चारायला अवघड, ते नोकरीत मागे पडतात. संशोधनात सिद्ध' अशा छापाचा मजकूर दर काही महिन्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो. या वेळी तो नारायण पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेच्या ग्रुपवर आला. पेटची तयारी करणाऱ्या एका मुलीनं लगेच विचारलं, "ताई, पहिला पेपर पाठवायच्या आधी नाव छोटं करून घेऊ का?" तिचं नाव आजीनं कुठल्याशा पोथीतून काढलेलं आहे, मी तरी दुसऱ्या कुणाचं ऐकलेलं नाही. मलाच का विचारलं तेही उघड आहे. माझं नाव 'क्ष'नं सुरू होतं. शाळेत सर 'क्षची किंमत काढा' म्हणाले की अख्खा वर्ग माझ्याकडे वळून बघायचा.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. पहिल्या पेपरवर जे नाव छापलं जातं, ते सहसा जन्मभर चिकटतं. म्हणून त्या मजकुरामागचा मूळ पेपर काढून वाचला. सायमन लाहॅम, पीटर कोव्हल आणि अ‍ॅडम ऑल्टर यांचा तो पेपर २०१२ साली 'जर्नल ऑफ एक्सपेरिमेंटल सोशल सायकॉलॉजी'मध्ये आला. त्यात पाच छोटे अभ्यास आहेत. पहिल्या चारांत लोकांची मतं घेतली आणि असं दिसलं की उच्चारायला सोपी नावं, आणि ती नावं असलेली माणसं, लोकांना जास्त आवडतात. पाचवा अभ्यास अमेरिकेतल्या वकिलांचा: सोप्या नावांचे वकील फर्ममध्ये वरच्या पदांवर जास्त आढळले. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतो तो हा पाचवा.

आता जरा हळू वाचा. वकिलांच्या अभ्यासातला निष्कर्ष आडनावांबद्दल आहे, पहिल्या नावांबद्दल नाही! हे पेपरच्या सारांशातच लिहिलंय, म्हणजे पूर्ण पेपर उघडायचीही गरज नव्हती. आणि त्याच सारांशात पुढे म्हटलंय की हा परिणाम नावाची लांबी, नावाचा विरळपणा, नावाचं परकेपण यांच्यापासून वेगळा आहे. म्हणजे लेखकांनी मुद्दाम 'विरळ' आणि 'अवघड' हे दोन व्हेरिएबल वेगळे काढले, आणि आपण फॉरवर्ड करताना ते पुन्हा एकत्र कालवले. माझ्या मैत्रिणीचं नाव विरळ आहे पण तीन सरळ अक्षरांचं आहे. तिच्याबद्दल हा पेपर काहीच म्हणत नाही.

पेपरवरचा माझा खरा आक्षेप मात्र दुसराच आहे. अवघड कुणाला? उच्चाराचा सोपेपणा हा नावाचा गुण असल्यासारखा मोजला जातो. वजन मोजावं तसा. पण तो नाव आणि जीभ यांच्यातला संबंध आहे. 'ळ' आपल्याकडे बोबडं पोरही वर्षा-दोन वर्षांत शिकतं, आणि इंग्रजी बोलणाऱ्याला तो आयुष्यभर जमत नाही. इंग्रजी जिभेसाठी केलेल्या मोजमापावरून पुण्यातल्या मुलीनं नाव बदलायचं, तर आधी ठरवावं लागेल की तिचा वाचक, परीक्षक, गाईड नक्की कोण आहे. शिवाय पाचवा अभ्यास सहसंबंधाचा आहे. वरच्या पदावरचे वकील वयानं मोठे असतात, म्हणजे जुन्या काळी भरती झालेले, आणि तेव्हा कोणत्या घरांतली मुलं वकील होत होती हा वेगळाच प्रश्न. परकेपण हिशोबात धरलं म्हणून तो सुटतोच असं नाही. (पेपर वाईट आहे असं मी म्हणत नाही. पहिले चार अभ्यास नेटके आहेत. वाईट आहे तो त्याच्या डोक्यावर बसवलेला सल्ला.)

नावावरचं कुठलंही संशोधन वाचताना एक गोष्ट आधी तपासा: नाव हे कारण आहे की खूण? यासाठी आपल्याकडचं उदाहरण साताऱ्याचं. मुलगा हवा असताना मुलगी झाली की तिचं नाव नकोशी किंवा नकुसा ठेवायचं, अशी रीत तिथे होती. ऑक्टोबर २०११ मध्ये जिल्ह्यात कार्यक्रम करून अशा २८५ मुलींना नवी नावं दिली गेली. समजा, उद्या तुम्ही सिनॉप्सिसमध्ये लिहिलंत की 'नकोशी नावाच्या मुली शिक्षणात मागे पडतात, म्हणून नाव घातक आहे'. तुमचा डेटा खरा असेल, तरी 'म्हणून' खोटा असू शकतो. ज्या घरानं हे नाव ठेवलं, त्याच घरानं तिला दूध किती दिलं, शाळेत कधी घातलं, लग्न कधी ठरवलं, हेही ठरवलं. नाव ही त्या घराची सही आहे. नवं नाव मिळाल्यानं मुलीला हजेरीच्या वेळी मान वर करता येते, आणि ते मोलाचं आहेच. पण घर तेच राहतं.

नेमका हाच पेच रोलंड फ्रायर आणि स्टीव्हन लेव्हिट यांनी २००४ साली कॅलिफोर्नियाच्या जन्मनोंदींवर सोडवायचा प्रयत्न केला. कृष्णवर्णीयांमध्येच आढळणारी वेगळी नावं असलेल्यांचं पुढे कसं होतं? जन्माच्या वेळची परिस्थिती हिशोबात धरल्यावर नावाचा वेगळा तोटा त्यांना दिसला नाही. पण त्याच वर्षी बर्ट्रंड आणि मुल्लईनाथन यांनी बनावट बायोडेटा पाठवून दाखवलं की गोऱ्या वाटणाऱ्या नावांना सुमारे ५० टक्के जास्त फोन येतात. दोन्ही एकदम खरं कसं? प्रश्न वेगळे आहेत म्हणून. एकात पूर्ण आयुष्य मोजलंय, दुसऱ्यात एका टेबलावरचा एक निर्णय. व्हायवाला असा प्रश्न आला तर 'एक बरोबर, एक चूक' असं उत्तर देऊ नका.

भारतात तर अशा टेबलावर पहिलं नाव फार मागे असतं. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ साली 'इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली'त मांडलेला प्रयोग बघा: वर्तमानपत्रातल्या जाहिरातींना पाठवलेले सारख्याच पात्रतेचे अर्ज, फरक फक्त नावातून दिसणाऱ्या जातीचा आणि धर्माचा. दलित आणि मुस्लिम नावांना बोलावणं येण्याची शक्यता कमी निघाली. लाडाचं नाव लावून ही अडचण सुटत नाही, आणि सुटते असा सल्ला देणारा माणूस बहुधा चालत्या आडनावाचा असतो.

मग टोपणनाव घ्यायचंच नाही का? घ्या की. आमच्या अभ्यासिकेपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर केसरीवाडा आहे, टिळकांनी १९०५ साली विकत घेतलेला गायकवाड वाडा. त्यांचं नाव केशव. 'बाळ' हे घरातलं हाक मारायचं नाव. गल्लीबोळांत बाळ नावाचे शेकड्यांनी असतील. पण या माणसानं १८९३ चं 'ओरायन' आणि १९०३ चं 'द आर्क्टिक होम इन द वेदाज' ही संशोधनाची पुस्तकंसुद्धा बाळ गंगाधर टिळक याच नावानं छापली. वेदांचा काळ ठरवायला निघालेला ग्रंथकार आणि मुखपृष्ठावर 'बाळ'! त्यात इंग्रजीत 'टिळक'मधला 'ट'ही गेला आणि 'ळ'ही गेला. एका टिळकांवरून काही सिद्ध होत नाही, सॅम्पल एकचं आहे. पण दिसतं असं की नाव भारदस्त आहे की नाही यापेक्षा ते सगळीकडे एकच राहिलं, याचा उपयोग झाला. समकालीन त्यांना बळवंतरावही म्हणत, पुढे लोकमान्य म्हणू लागले; तरी ग्रंथालयात शोधायचं तर बाळ गंगाधरच. केशव शोधणाऱ्याच्या हाती फारसं काही लागायचं नाही.

कामाचं एवढंच. टोपणनावानं पेपर छापायला राजपत्रात नाव बदलावं लागत नाही, पण पीएचडीची नोंदणी आणि प्रबंध मार्कलिस्टवरच्या नावानंच होतात. त्यामुळे दोन नावं चालवणार असाल तर पहिला पेपर पाठवण्याआधी ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक काढा, तो फुकट मिळतो, आणि त्यात दोन्ही नावं नोंदवा. वडिलांचं नाव मध्ये घालायचं की फक्त आद्याक्षर, लग्नानंतर आडनावाचं काय, हेही त्याच दिवशी ठरवा. मी 'क्ष' ठेवला. सेमिनारमध्ये सुरुवातीची दहा सेकंदं उच्चार सांगण्यात जातात, तेवढ्यात प्रोजेक्टर सुरू होतो.