कॅपा वितरण : नियम की सोय?

वायूतील रेणूंच्या वेगांचा आलेख आपण उच्च माध्यमिक वर्गात फळ्यावर काढतो. मध्ये उंचवटा आणि उजवीकडे झपाट्याने शून्याकडे उतरणारी शेपटी. मॅक्सवेल यांनी १८६० साली मांडलेला हा नियम शिकवताना त्यामागची अट मात्र बहुधा सांगायची राहून जाते. ती अट अशी, की कणांच्या एकमेकांशी पुरेशा टकरी झाल्या पाहिजेत. वर्गातल्या हवेत ही अट सहज पाळली जाते. तेथील प्रत्येक रेणू दर सेकंदाला काही अब्ज टकरा देतो. एखादा रेणू फार वेगवान झालाच, तर त्याची जादा ऊर्जा क्षणार्धात इतरांत वाटली जाते.

आता सूर्याकडून सतत वाहत येणाऱ्या सौरवाताकडे पाहू. हा प्लाझ्मा आहे, म्हणजे सुट्या झालेल्या विद्युतभारित कणांचा वायू. पृथ्वीच्या कक्षेपाशी त्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये जेमतेम पाच-दहा प्रोटॉन असतात आणि इलेक्ट्रॉनही जवळजवळ तितकेच. दोन टकरींमधले सरासरी अंतर सूर्य-पृथ्वी अंतराच्या, म्हणजे सुमारे १५ कोटी किलोमीटरच्या घरात जाते. कण सूर्यापासून आपल्यापर्यंत येतो आणि वाटेत त्याची धड एखादीच टक्कर होते. अशा ठिकाणी मॅक्सवेलचा आलेख जसाच्या तसा लागू होईल अशी अपेक्षाच चुकीची आहे.

मोजमापेही तेच सांगतात. १९६८ मध्ये व्हासिलियुनास यांनी पृथ्वीच्या चुंबकावरणातील इलेक्ट्रॉनांची उपग्रहांनी केलेली मोजमापे तपासली. तेव्हा वेगवान कण मॅक्सवेलच्या हिशेबापेक्षा कितीतरी जास्त निघाले. त्यासाठी त्यांनी वापरलेले सूत्र आज ‘कॅपा वितरण’ म्हणून ओळखले जाते. कॅपा ही संख्या लहान असेल तर शेपटी जाड असते. ती खूप मोठी केली की मॅक्सवेलचाच आलेख परत मिळतो. अवकाशातील बऱ्याच प्लाझ्मांत ती दोन ते सहाच्या आसपास सापडते. सूत्र सुटसुटीत आहे आणि मोजमापांना चांगले जुळते. त्याची ही उपयुक्तता आम्हाला पूर्ण मान्य आहे.

आमचा आक्षेप पुढच्या पायरीला आहे. आलेख जुळला म्हणजे कारण सापडले, असे अनेकदा गृहीत धरले जाते. १९८८ मध्ये त्सालिस यांनी एन्ट्रॉपीची नवी व्याख्या सुचवली. तिच्यातून कॅपासारखे सूत्र निघते, म्हणून कॅपा हा टक्करविरहित प्लाझ्माचा मूलभूत नियमच आहे, असे लिव्हाडिओटिस आणि मॅककोमस यांनी २००९ पासून जोरदारपणे मांडले आहे. परंतु त्याच सूत्राकडे जाणाऱ्या इतर वाटाही आहेत. प्लाझ्मातील लहरींकडून कणांना मिळणारे धक्के ही एक वाट, हासेगावा आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये दाखवलेली. निरनिराळ्या तापमानांचे मॅक्सवेल आलेख विशिष्ट प्रमाणात मिसळले तरी हेच सूत्र मिळते, ही दुसरी. एकाच गावाला चार रस्ते जात असतील, तर पाहुणा गावात दिसला एवढ्यावरून तो कोणत्या रस्त्याने आला हे ठरत नाही.

दुसरा आक्षेप अधिक व्यावहारिक आहे. हे सूत्र दोन प्रकारे लिहिले जाते आणि दोन्हींत ‘कॅपा बरोबर तीन’ म्हटले तरी उत्तरे वेगळी येतात. एक उदाहरण करून पाहू. वैशिष्ट्यपूर्ण औष्णिक वेगाच्या चौपट वेग घ्या आणि तेथील कणांची घनता शिखराच्या तुलनेत काढा. मॅक्सवेलनुसार ती सुमारे ८९ लाखांत एक. कॅपाच्या पहिल्या लेखनपद्धतीत ती सुमारे १,६०० त एक, तर दुसऱ्या पद्धतीत सुमारे १८,५०० त एक. पहिल्या पद्धतीत आलेखाचा गाभा तसाच ठेवून शेपटी जोडतात, त्यामुळे तापमान दुप्पट होते. दुसऱ्या पद्धतीत तापमान कायम ठेवतात, त्यामुळे गाभा अरुंद होतो. यांतली कोणती पद्धत वापरली हे न सांगता दिलेला कॅपाचा आकडा एकक न लिहिलेल्या उत्तरासारखा आहे. एकक विसरल्याबद्दल आपण विद्यार्थ्यांचे गुण कापतो. मग संशोधकांना सूट का द्यावी?

शिवाय ही शेपटी सूत्रात अमर्याद लांबते. प्रकाशाच्या वेगापलीकडेही काही कण असल्याचे सूत्र सांगते, आणि काही सरासऱ्या तर अनंत येतात. म्हणून २०१७ मध्ये शेरर, फिश्टनर आणि लाझार यांनी शेपटीला लगाम घालणारे सुधारित सूत्र सुचवले. सौरवातातील सगळ्या इलेक्ट्रॉनांना मिळून एकच कॅपा पुरतही नाही. बहुतेक अभ्यासक दाट गाभ्याला मॅक्सवेल, भोवतालच्या विरळ, वेगवान कणांना कॅपा आणि चुंबकीय रेषांना धरून जाणाऱ्या झोताला तिसरेच सूत्र वापरतात. ज्याला इतकी ठिगळे लावावी लागतात, त्याला निसर्गनियम म्हणण्याची घाई करू नये.

आम्ही स्वतः ही सूत्रे वापरतो आणि यापुढेही वापरू. सूत्र टाकून द्यावे असे आमचे म्हणणे नाही. ते कोठवर वर्णन आहे आणि कोठून स्पष्टीकरण होते, ही सीमा स्पष्ट असावी एवढाच आग्रह आहे.

शिक्षकांना यातून वर्गात नेण्याजोगे बरेच आहे. मॅक्सवेलचा आलेख काढला की शेजारी ‘टकरी पुरेशा असतील तर’ हे शब्द लिहावेत. ‘सौरवाताचे तापमान एक लाख केल्विन’ हे वाक्य आले, तर ‘कोणाचे तापमान?’ असे विद्यार्थ्यांना विचारू द्यावे. कारण तेथे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन यांची तापमाने वेगळी असतात, आणि चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने व तिला आडवे मोजलेले तापमानही सारखे नसते.

पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर जानेवारी २०२४ मध्ये पोहोचलेल्या आदित्य-एल१ यानावर अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने बनवलेले ‘अ‍ॅस्पेक्स’ हे उपकरण आहे. त्याचा एक भाग नेमका या शेपटीतले वेगवान आयन मोजण्यासाठी आहे. त्या मोजमापांतून आलेख निघतील आणि त्यांना कॅपाचे आकडेही चिकटवले जातील. तो आकडा वाचताना, हे कण वेगवान झाले तरी कसे, हा प्रश्न आपले विद्यार्थी विचारतील, तर फळ्यावरचा तो जुना आलेख नीट शिकवला गेला असे आम्ही समजू.