न सापडणे म्हणजे नसणे?

मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी आणि सावंतवाडीचा खंड १८८० साली निघाला. त्यातल्या गावांच्या नोंदींना ठरीव साचा नाही. एका गावापुढे बंदराचा व्यापार येतो, दुसऱ्यापुढे किल्ला, तर तिसऱ्याची बोळवण थोडक्यात होते. संगणकशास्त्र अशा माहितीला अर्धरचित म्हणते. आखलेल्या रकान्यांत ती बसत नाही, आणि वेबवरची बहुतेक माहिती याच जातीची आहे.

तिला प्रश्न विचारण्यासाठी कीफर, लाउझेन आणि वू यांनी १९९५मध्ये मांडलेली एफ-लॉजिक ही भाषा आणि तिच्यावर जर्मनीतल्या फ्रायबुर्ग विद्यापीठात उभी राहिलेली फ्लोरिड ही प्रणाली मला अजूनही मोलाची वाटते. तिचे पहिले बळ म्हणजे नाव आणि वस्तू यांतला भेद. सिंधुदुर्ग हा मालवणसमोरच्या कुरटे बेटावर १६६४ साली बांधायला घेतलेला किल्ला, आणि १ मे १९८१ रोजी रत्नागिरीतून वेगळा झालेला जिल्हाही. नुसता शब्द शोधणारे यंत्र दोघांची गल्लत करते. इथे त्या दोन स्वतंत्र वस्तू राहतात, आणि एखाद्या वस्तूचा एखादा गुण नोंदलेला नसला तरी अडत नाही. दुसरे बळ नियमांचे. किल्ला मालवण तालुक्यात आणि तालुका सिंधुदुर्ग जिल्ह्यात, एवढे सांगितले की किल्ल्याचा जिल्हा यंत्र स्वतः काढते. एका पानावरच्या दुव्यावरून दुसरे पान आणणे हेही नियमातच बसते. वोल्फगांग माय यांनी १९९९मध्ये निरनिराळे स्रोत जुळवून ‘मोंडियल’ हा भौगोलिक डेटाबेस याच रीतीने उभा केला.

माझा आक्षेप नकाराविषयी आहे. जे नियमांनी सिद्ध होत नाही ते खोटे, असे या परंपरेतल्या भाषा धरून चालतात. बँकेच्या खातेवहीत हे चालते, कारण वही पूर्ण असते. वेबवर मात्र दुवे नेतील तिथवरच यंत्र पोचते. ‘किल्ला नसलेली बंदरे कोणती?’ असे विचारले, तर ज्याच्या किल्ल्याविषयी कोणी लिहिलेच नाही ते बंदरही यादीत येते. काळाचेही तसेच. १८८०चा खंड मालवण रत्नागिरीत सांगतो, आजचे पान सिंधुदुर्गात, आणि दोन्ही खरे. नियमात साल नसेल तर एकच गाव एकाच वेळी दोन जिल्ह्यांत जाते.

प्रत्येक विधानाला स्रोत आणि साल जोडणे या भाषेत अशक्य नाही, पण ते नियम लिहिणाऱ्याच्या शहाणपणावर सोडलेले आहे. माझ्या मते ‘आहे’ आणि ‘नाही’ यांच्याबरोबर ‘नोंद सापडली नाही’ हे तिसरे उत्तर भाषेतच हवे. कोकणातल्या लहान गावांविषयी मुळात लिहिले गेले थोडे. त्यांना हे तिसरे उत्तर नाकारणे म्हणजे गॅझेटियरकार जिथे गेला नाही, ते गाव नव्हतेच असे म्हणणे.